वाचकांचे प्रश्न: उच्च रक्तदाब आणि रक्तात उमटणारी हृदयाची इजा

गेल्या अंकात उच्च रक्तदाबामुळे डोळे, मेंदू, मूत्रपिंडे आणि हृदय यांना वर्षानुवर्षे नकळत कशी इजा होत राहते, हे थोडक्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची निघाली: रक्ततपासणीत हृदयाशी संबंधित एखादा आकडा मर्यादेबाहेर आला, पण त्याचा अर्थ कोणी नीट सांगितला नाही. म्हणून या वेळी सगळे सदर या आकड्यांसाठी ठेवले आहे. येथील उत्तरांवरून कोणीही आपली औषधे स्वतः कमीजास्त करू नयेत. तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलताना नेमके काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठी ती लिहिली आहेत.

प्रश्न: माझे वय ५६ असून ११ वर्षांपासून मला उच्च रक्तदाब आहे. दोन गोळ्या चालू आहेत, तरी घरी मोजलेला रक्तदाब बहुधा १४८/९२ च्या आसपास असतो. वार्षिक तपासणीत हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी १९ आले. रिपोर्टवर मर्यादा १४ छापलेली होती. छातीत दुखत नव्हते, तरी लॅबने ताबडतोब रुग्णालयात जायला सांगितले. तिथे ईसीजी काढला, तीन तासांनी पुन्हा रक्त घेतले, ते १८ आले आणि ‘हार्ट अटॅक नाही’ असे सांगून मला घरी पाठवले. अटॅक नव्हता, तर आकडा वाढला कशामुळे? आता निश्चिंत राहावे का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. घाबरण्याचे कारण नाही. पण निश्चिंतही राहू नका. रुग्णालयाने तुम्हाला जे सांगितले ते बरोबर होते, मात्र ते अर्धेच होते. उरलेले अर्धे तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूपेशींच्या आत, आकुंचन घडवून आणणाऱ्या तंतूंवर बसलेले प्रथिन आहे. त्याचे सी, आय आणि टी असे तीन भाग असतात आणि स्नायूने केव्हा आकसायचे व केव्हा सैल पडायचे, याचे नियंत्रण ते तिघे मिळून करतात. त्यांपैकी आय आणि टी या भागांची हृदयातील घडण हातापायांच्या स्नायूंतील घडणीपेक्षा वेगळी असते. त्यामुळे हृदयाचे ट्रोपोनिन रक्तात वाढलेले दिसले, तर हृदयाच्या पेशींना काहीतरी झाले आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मात्र ‘काय झाले’ हे ट्रोपोनिन सांगत नाही. रक्तवाहिनी अचानक बंद पडली, हृदयाला सूज आली, छातीवर जोराचा मार बसला किंवा वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाखाली पेशी थोड्याथोड्या झिजत राहिल्या, तरी रक्तात तोच पदार्थ उतरतो.

पूर्वीच्या चाचण्यांना ट्रोपोनिन मोठ्या प्रमाणात बाहेर पडल्याखेरीज दिसतच नसे. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ असे दोनच शब्द पुरत. आताच्या हाय-सेन्सिटिव्हिटी चाचण्या इतक्या बारीक आहेत, की निरोगी माणसांपैकीही निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तातील अत्यल्प प्रमाण त्यांना मोजता येते. मग मर्यादा कशी ठरवायची? निरोगी माणसांच्या गटात १०० पैकी ९९ जणांचा आकडा ज्याच्या खाली राहतो, ती रेषा धरली जाते. ट्रोपोनिन टी साठी ती १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. ट्रोपोनिन आय मोजणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या पद्धतीची रेषा वेगळी असते आणि ती पुष्कळदा स्त्रिया व पुरुष यांच्यासाठीही वेगवेगळी दिलेली असते. प्रचलित असलेल्या एका पद्धतीत स्त्रियांसाठी ती १६ आणि पुरुषांसाठी ३४ आहे. म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टवरील आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

हार्ट अटॅकची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१८ साली सुधारून प्रसिद्ध झाली, तिने ‘हृदयस्नायूची इजा’ आणि ‘हार्ट अटॅक’ या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. आकडा ९९ टक्क्यांच्या रेषेवर गेला की इजा आहे, एवढेच म्हणायचे. हार्ट अटॅक म्हणण्यासाठी तो आकडा काही तासांत चढताना किंवा उतरताना दिसला पाहिजे आणि त्याच्या जोडीला हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्याचा पुरावा, म्हणजे छातीतील दुखणे, ईसीजीतील नवे बदल किंवा इकोसारख्या चित्रणातील खूण असली पाहिजे. तुमचे १९ आणि १८ हे आकडे स्थिर आहेत. तीन तासांत त्यांत पडलेला फरक चाचणीच्या नेहमीच्या चढउतारात मोडतो. यालाच हृदयस्नायूची जुनाट इजा म्हणतात. तुम्हाला परत तपासायचे कारण हेच होते, आणि लॅबने तातडीने पाठवले तेही योग्यच केले, कारण पहिल्या एकट्या आकड्यावरून ही दोन कारणे ओळखता येत नाहीत.

आता ही जुनाट इजा उच्च रक्तदाबात कशी होते ते पाहू, कारण तुमच्या उपचारांची दिशा त्यावरून ठरते. डाव्या खालच्या कप्प्याला दर ठोक्याला वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. भिंतीवर पडणारा ताण दाब आणि कप्प्याची त्रिज्या यांच्याबरोबर वाढतो आणि भिंतीच्या जाडीने विभागला जातो. त्यामुळे तो ताण आवरण्यासाठी हृदय आपली भिंत जाड करते. सुरुवातीला हे शहाणपणाचे असते. पण पेशी जाड होतात त्या प्रमाणात त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या वाढत नाहीत, आणि मधल्या जागेत कोलॅजेनचे कडक धागे साठत जातात. हृदयाच्या डाव्या बाजूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळते. कडक झालेली भिंत नीट सैल पडत नाही आणि आतल्या थरावर कप्प्यातील दाबही बसतो, त्यामुळे त्या थराला अपुरे रक्त पोहोचते. मोठी रक्तवाहिनी पूर्ण मोकळी असली, तरी हे घडू शकते. अशा ठिकाणी पेशी एकेक करून जखमी होतात, काही मरतात, आणि त्यांच्यातील ट्रोपोनिन रक्तात झिरपत राहते. तुमचा १९ हा आकडा बहुधा याच झिरपण्याचा आहे.

हे ‘बहुधा’ पक्के करण्यासाठी तीन गोष्टी करून घ्या. पहिली म्हणजे क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाची तपासणी आणि त्यावरून काढलेला मूत्रपिंडांच्या गाळण्याचा वेग. मूत्रपिंडे कमी काम करत असतील तर ट्रोपोनिन वाढलेले राहते, आणि उच्च रक्तदाबात मूत्रपिंडेही त्याच वेळी झिजत असतात. दुसरी, इको. ईसीजी चांगला आला म्हणून भिंत जाड झालेली नाही असे समजू नये. ईसीजीच्या नजरेतून ही जाडी पुष्कळदा सुटते. तिसरी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असण्याची शक्यता तुमच्या बाबतीत किती आहे, याचा डॉक्टरांनी स्वतंत्रपणे केलेला विचार. मधुमेह, धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि घरातील इतिहास त्यांना नीट सांगा.

आणि या तिन्हींच्या निकालाची वाट न पाहता करायची गोष्ट म्हणजे रक्तदाब. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर असणे म्हणजे तो वाढलेलाच आहे. तुमचा १४८/९२ आहे, तोही दोन औषधे घेत असताना. ट्रोपोनिनच्या चिंतेत हा आकडा मागे पडू देऊ नका. या सगळ्या प्रकरणात ज्यावर थेट इलाज करता येतो असा आकडा हाच आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कोणतीही लक्षणे नसताना ज्यांचे ट्रोपोनिन सतत वाढलेले राहते, त्यांना दुसरे कारण नसल्यास ‘हृदय-अकार्यक्षमतेच्या (हार्ट फेल्युअरच्या) आधीची अवस्था’ या गटात घातले आहे. ‘आधीची’ हा त्यातला शब्द मला मोलाचा वाटतो. लक्षणे सुरू होण्यापूर्वी कळले, म्हणजे काही करायला वेळ हाती आहे.

प्रश्न: माझ्या आईचे वय ७४ आहे. तिला २० वर्षांपासून उच्च रक्तदाब असून वजनही जास्त आहे. अलीकडे जिना चढताना तिला दम लागतो आणि संध्याकाळी पावलांवर सूज येते. एका लॅबने बीएनपी ८२ आल्याचे सांगितले. चार दिवसांनी दुसऱ्या लॅबने एनटी-प्रोबीएनपी ६१० सांगितले. चार दिवसांत आकडा सातपट कसा झाला? कोणती लॅब चुकली?

उत्तर: कोणतीच लॅब चुकलेली नाही. हे एकाच पदार्थाचे दोन तुकडे आहेत आणि त्यांची मापे एकमेकांशी थेट जुळत नाहीत.

यामागील इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्यातून या चाचणीचा अर्थही उलगडतो. १९८१ साली कॅनडात अदोल्फो दे बोल्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी झपाट्याने बाहेर पडू लागले. हृदय हा केवळ पंप नसून संप्रेरक तयार करणारा अवयवही आहे, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे १९८८ मध्ये जपानमधील संशोधकांना त्याच कुळातील आणखी एक पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला. म्हणून त्याच्या नावात ‘ब्रेन’ आले; बीएनपीतला ‘बी’ तोच. प्रत्यक्षात माणसाच्या रक्तातील बीएनपी मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येते, हे नंतर कळले. नाव मात्र तेच राहिले, आणि ‘आईच्या मेंदूची तपासणी का लिहून दिली’ असे विचारणारे पत्रही मला एकदा आले होते.

कप्प्याच्या भिंतीवर ताण आला, की पेशी १०८ घटकांची एक लांब साखळी तयार करतात. ती तुटून ३२ घटकांचे बीएनपी आणि ७६ घटकांचे एनटी-प्रोबीएनपी असे दोन तुकडे होतात. बीएनपी रक्तवाहिन्या सैल करते आणि मीठ-पाणी बाहेर घालवते. वाढलेल्या दाबाचे ओझे हलके करण्याचा हा हृदयाचा स्वतःचा प्रयत्न असतो. दुसरा तुकडा असे काही काम करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो. बीएनपी सुमारे २० मिनिटांत निम्मे होते, तर एनटी-प्रोबीएनपीला एक ते दोन तास लागतात. म्हणून दुसऱ्याचा आकडा नेहमीच कितीतरी मोठा दिसतो. ज्यांची प्रकृती अचानक बिघडलेली नाही अशा माणसांत बीएनपी ३५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आणि एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली असेल, तर हृदय-अकार्यक्षमतेची शक्यता कमी मानतात. तुमच्या आईंचे दोन्ही आकडे या रेषांच्या वर आहेत. म्हणजे दोन्ही लॅब एकच गोष्ट सांगत आहेत.

आता तो आकडा त्यांच्या बाबतीत कसा वाचायचा? वयाबरोबर एनटी-प्रोबीएनपी वाढते, मूत्रपिंडे मंदावली की वाढते, आणि एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या विकारात तर लक्षणीय वाढते. म्हणून नाडी अनियमित लागते का हे पाहून ईसीजी काढणे आवश्यक आहे. याउलट, जास्त वजनाच्या माणसांत हे दोन्ही आकडे अपेक्षेपेक्षा कमी येतात. आईंचे वजन जास्त असूनही आकडा ६१० आला आहे, याची मी अधिक गंभीरपणे दखल घेईन. हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेवावी: स्थूल माणसाला दम लागत असेल आणि आकडा मर्यादेत असेल, तरी तेवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही.

पुढची पायरी इकोची. त्यात ‘पंपिंग ६० टक्के, नॉर्मल’ असे लिहून आले, तर तिथेच थांबू नका. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबात हृदय जोराने आकसते, पण सैल पडत नाही. भरताना दाब वाढतो आणि तो मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. पंपिंगचा टक्का चांगला असूनही होणारी ही हृदय-अकार्यक्षमता वयस्कर, उच्च रक्तदाब असलेल्या आणि जास्त वजनाच्या स्त्रियांत विशेष आढळते. म्हणून भिंतीची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार आणि हृदय सैल पडण्याची क्षमता यांविषयी रिपोर्टमध्ये काय म्हटले आहे, ते डॉक्टरांना आवर्जून विचारा.

पावलांवरच्या सुजेविषयी एक सूचना. आईंना रक्तदाबासाठी अम्लोडिपिन किंवा त्या वर्गातील गोळी चालू असेल, तर सूज केवळ गोळीमुळेही असू शकते. परंतु दम लागणे त्या गोळीने समजावता येत नाही. गोळी आपणहून बंद न करता हे डॉक्टरांच्या कानावर घाला. यापुढे दोन्हींपैकी एकच चाचणी, शक्यतो एकाच लॅबमध्ये करत जा. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन हे हृदय-अकार्यक्षमतेवरचे औषध सुरू झाले, तर एनटी-प्रोबीएनपीच करावे, कारण बीएनपीचे विघटन करणारे एन्झाइमच ते औषध रोखते आणि त्यामुळे बीएनपीचा आकडा वाढलेला दिसू शकतो.

प्रश्न: वय ३९. महिन्यापूर्वी प्रथमच रक्तदाब १५०/९६ आढळला. जाहिरातीत पाहिलेल्या ‘संपूर्ण कार्डियाक मार्कर’ पॅकेजमध्ये ट्रोपोनिन, सीके-एमबी, एलडीएच, एसजीओटी, सीआरपी, होमोसिस्टीन आणि डी-डायमर आहेत. ते करून घ्यावे का?

उत्तर: नाही. या यादीतील अर्ध्या चाचण्या इतिहासजमा आहेत आणि उरलेल्यांचा तुमच्या प्रश्नाशी फारसा संबंध नाही. एसजीओटी ही हार्ट अटॅक ओळखण्यासाठी वापरली गेलेली पहिली रक्तचाचणी. १९५४ साली तिचा उपयोग दाखवला गेला आणि तेव्हा ते मोठेच पाऊल होते. पण ते एन्झाइम यकृतात आणि इतर स्नायूंतही असते, एलडीएच तर शरीरातील बहुतेक पेशींत असते. सीके-एमबी त्यांच्यापेक्षा बरे होते. तरी हातापायांच्या स्नायूंतही ते थोडे असतेच, आणि ट्रोपोनिन आल्यावर त्याचे स्थान गेले. सीआरपी शरीरातील दाह दाखवते, हृदयाची इजा नव्हे. डी-डायमर रक्ताच्या गुठळीची शंका असताना कामाचे असते. होमोसिस्टीनविषयी एकेकाळी मोठ्या आशा होत्या. पण जीवनसत्त्वे देऊन ते कमी केल्यावर हार्ट अटॅक कमी होत नाहीत, असे मोठ्या चाचण्यांत दिसून आले.

नव्याने रक्तदाब आढळलेल्या माणसाला ज्या तपासण्या खरोखर लागतात, त्या यापेक्षा साध्या आहेत: क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर, आणि ईसीजी. लघवीतील अल्ब्युमिनकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते, हे मला फार खटकते. हे गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर राहिले, तर दाबाची झळ मूत्रपिंडांतील सूक्ष्म वाहिन्यांना लागली असल्याची ती खूण असते आणि हृदयाच्या पुढच्या धोक्याचीही ती सूचना देते. तुमचे वय पाहता पोटॅशियमही महत्त्वाचे आहे. ते कमी आले तर अल्डोस्टेरोन हे संप्रेरक जास्त स्रवणाऱ्या ग्रंथीमुळे रक्तदाब वाढला आहे का, हे तपासता येते, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

ट्रोपोनिन किंवा एनटी-प्रोबीएनपी तुम्ही कधीच करू नये असे नाही. ईसीजी किंवा इकोत दोष निघाला, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार सोबत असला, दम लागू लागला किंवा उपचार किती जोरकस करावेत याविषयी डॉक्टरांच्या मनात शंका असली, तर त्या आकड्यांमुळे निर्णय बदलू शकतो. तेव्हा ते करावेत.

प्रश्न: वय ५०, रक्तदाब एका गोळीवर नियंत्रणात आहे. मी लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावलो आणि दुसऱ्याच दिवशी ठरलेल्या तपासणीत ट्रोपोनिन वाढलेले आले. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्याही घेतो. त्यामुळे असे होईल का?

उत्तर: धावण्यामुळे नक्की होऊ शकते. दीर्घ, दमछाक करणाऱ्या श्रमानंतर पुष्कळ निरोगी धावपटूंचे ट्रोपोनिन मर्यादेवर जाते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत खाली येते. तीन-चार दिवस विश्रांती घेऊन चाचणी पुन्हा करा. तेव्हाही आकडा वर असेल, किंवा धावताना छातीत दडपण, चक्कर असे काही झाले असेल, तर ‘शर्यतीमुळे’ म्हणून ते सोडून देऊ नका.

बायोटिनचा परिणाम मात्र उलट दिशेने होतो आणि म्हणून तो अधिक घातक आहे. काही चाचणी-पद्धतींत बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. रक्तात ते जास्त असेल तर ट्रोपोनिन खोटे कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली याविषयी सावधगिरीची सूचना काढली होती. रक्त देताना ही गोळी चालू असल्याचे लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: यजमानांचा रक्तदाब मध्यंतरी १९०/११८ पर्यंत गेला होता, डोके दुखत होते आणि छातीवर दडपण होते. रात्रीची वेळ असल्याने आम्ही सकाळी लॅबच्या माणसाला घरी बोलावून ट्रोपोनिन केले. ते मर्यादेत आले. पुन्हा असे झाले तर हेच करावे का?

उत्तर: कृपया असे पुन्हा करू नका. या वेळी त्यांच्या जिवावर बेतले नाही, याचा आनंद आहे. एवढा रक्तदाब आणि सोबत छातीवर दडपण, दम लागणे, बोलण्यात अडखळणे, हातापायात कमजोरी, अंधुक दिसणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच क्षणी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेले पाहिजे. छातीत दुखू लागल्यावर ट्रोपोनिन रक्तात दिसायला दोन-तीन तास लागू शकतात. म्हणूनच रुग्णालयात ते ठराविक अंतराने पुन्हा मोजतात. शिवाय अशा वेळी पहिला निर्णय ईसीजीवर होतो, आणि तो पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत काढायचा असतो. घरी घेतलेल्या एका नमुन्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत उपचारांची वेळ निघून गेलेली असू शकते. त्यांची हृदयाची संपूर्ण तपासणी अजून झाली नसेल, तर याच आठवड्यात करून घ्या.

प्रश्न: माझे वय ६३. दोन वर्षांपूर्वी एनटी-प्रोबीएनपी ३४० आणि ट्रोपोनिन टी १६ होते. रक्तदाब १६० च्या घरात होता. औषधे वाढवल्यावर वरचा आकडा आता १२६ असतो. एनटी-प्रोबीएनपी २१० झाले, पण ट्रोपोनिन १७ आहे. उपचार अर्धेच लागू पडले आहेत का? आणि रक्तदाब आणखी खाली आणला तर ट्रोपोनिन कमी होईल का?

उत्तर: तुमचे उपचार चांगले लागू पडले आहेत. एनटी-प्रोबीएनपी हे भिंतीवर आज असलेल्या ताणाचे माप आहे. दाब उतरला की ते तुलनेने लवकर उतरते. या आकड्यात स्वाभाविक चढउतार बराच असतो, त्यामुळे साधारण ३० टक्क्यांहून अधिक बदल झाल्याखेरीज मी त्याला फारसे महत्त्व देत नाही. तुमचा बदल त्याहून मोठा आहे. ट्रोपोनिन पेशींची झीज दाखवते, आणि जाड भिंत व साठलेले कडक धागे मागे हटायला पुष्कळ काळ लागतो. १६ आणि १७ मधला फरक तर चाचणीच्याच हेलकाव्यातला आहे.

या संदर्भात अमेरिकेतील स्प्रिंट या मोठ्या अभ्यासाचा दाखला द्यावासा वाटतो. त्यात ९,३६१ जणांना दोन गटांत विभागून एका गटाचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणि दुसऱ्याचा १४० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला गेला. पहिल्या गटात हृदयविकार आणि मृत्यू इतके स्पष्टपणे कमी दिसले, की २०१५ साली अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. पुढे याच लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांत ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी मोजले गेले. ज्यांचे दोन्ही आकडे सुरुवातीला वाढलेले होते, त्यांना पुढे धोका सर्वाधिक होता आणि दाब अधिक उतरवल्याचा प्रत्यक्ष लाभही त्यांनाच सर्वाधिक झाला. आणखी एक गोष्ट अशी दिसली, की कडक नियंत्रणाच्या गटात एनटी-प्रोबीएनपी कमी झाले, पण ट्रोपोनिन किंचित वाढले. मूत्रपिंडांच्या गाळण्याचा वेग दाब उतरल्यावर थोडा कमी होतो, त्याच्याशी ही वाढ जोडलेली होती. म्हणजे तुमच्यासारखे चित्र उत्तम उपचार चालू असतानाही दिसू शकते.

तरीही ट्रोपोनिनचा आकडा खाली यावा एवढ्यासाठी रक्तदाब ओढून खाली आणण्याचा विचार करू नका. हृदयाला स्वतःचे रक्त विश्रांतीच्या काळात मिळते, हे पहिल्या उत्तरात आले आहे. त्या काळातील दाब म्हणजेच आपण मोजतो तो खालचा आकडा. एका दीर्घकालीन लोकसंख्या-अभ्यासात खालचा आकडा ६० च्या खाली असलेल्या माणसांत ट्रोपोनिन वाढलेले असण्याचे प्रमाण जास्त आढळले. अशा निरीक्षणावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण उभे राहताना चक्कर येते का आणि खालचा आकडा किती राहतो, हे पाहण्याची सावधगिरी त्यातून नक्की घ्यावी.

चाचण्या किती वेळा कराव्यात, असे तुम्ही पत्राच्या कडेला लिहिले आहे. प्रकृती स्थिर असेल तर वर्षातून एकदा पुरे. लक्षण बदलले किंवा औषधांत मोठा फेरफार झाला तर त्याआधी. प्रत्येक वेळी तीच लॅब आणि तीच पद्धत असावी, आणि रिपोर्टवरील एकक वाचावे: १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर हेच प्रमाण काही लॅब ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे छापतात, आणि एकक बदलल्यामुळे आकडा हजारपटीने वाढल्याचा किंवा कमी झाल्याचा भास होतो. प्रत्येक रिपोर्टच्या मागे त्या दिवशीचा रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन, चालू असलेली औषधे आणि आदल्या दोन दिवसांत केलेले जड श्रम यांची नोंद करून ठेवा, आणि पुढच्या भेटीत दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्टही डॉक्टरांसमोर ठेवा.